लिंबापाशी अडलेली कार

आज कपाट आवरताना बोटभर काळा रिमोट हाती लागला, अन् पेडगावचं आमचं अंगण डोळ्यांपुढं उभं राहिलं. मोठ्या जाऊबाईंनी त्यांच्या लेकाला बॅटरीवर चालणारी, आत बसायची कार आणली होती. माझी तीन वर्षांची लेक हौसेनं तिच्यात बसली, तर चार बायकांसमोर त्यांनी तिला दंडाला धरून खाली काढलं. "उतर गं बाई, बॅटरी संपायलीय!" मला ते लय लागलं. पुढच्याच आठवड्यात मी परभणी गाठली. दुकानदार मोठी चाकं, गाणी, दिवे दाखवायला लागला, मी एकच विचारलं, "लेकरू चालवायलं असताना मला लांबून थांबवता येईल, अशी हाय का?" "हाय की ताई, जपणुकीसाठी रिमोट असतोय." मी तीच घेतली. घरी नव्या गाडीची रीतसर पूजा झाली. हळदीकुंकू वाहिलं, चाकापुढं लिंबू ठेवलं. तेवढ्यात जाऊबाईंनी लिंबू चिरडायच्या मानाला आपल्याच लेकाला आत बसवलं. मी पदराआड बटण दाबलं. कार लिंबापाशी गप्प उभी. पोरगं पाय आपटायलं, बायका हसायल्या. मी गोड आवाजात म्हणाले, "उतर राजा, बॅटरी संपली वाटतं." मग माझी लेक बसली, अन् अंगणभर लिंबाचा आंबट वास सुटला. ती कार कधीच भंगारात गेली, जाऊबाईंशीही आता बरं चाललंय. तरी आज मी रिमोटात नवे सेल घातले, बटण दाबलं, अन् लाल दिवा लागला तसं काळीज थंड झालं.