टेम्पोवाल्याची वाकळ

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीसाठी मी वाहतुकीचा करार लिहून दिला होता. त्यावर सही करायला आलेला कंग्राळीचा टेम्पोवाला मला तेवढा एकदाच भेटला. ओतकामाचे लाकडी साचे त्यानं घरच्या वाकळेत गुंडाळून दोरीनं बांधले होते. एक कोपरा उघडा दिसला तसा तो पुन्हा टेम्पोत चढला, वाकळ ओढून नीट केली आणि मगच हात पुसत ऑफिसात आला.

“आक्का, ह्यात ‘योग्य ती काळजी’ लिवलंय. योग्य म्हंजे किती?”

“शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी,” मी कायद्यातलं सांगितलं.

तो खिडकीतून टेम्पोकडं बघत राहिला. साच्यांशेजारी पत्र्यावर त्याचा पोचे पडलेला जेवणाचा डबा तसाच आडवा पडला होता.

“मग लई कमी हुतंय की, आक्का. आपलं आपण कसंबी टाकतोय. हे लोकाचं हाय.”

वीस वर्षं लिहीत आलेलं ते कलम मला पहिल्यांदाच तोकडं वाटलं. त्यानं सही केली, माझ्या साध्या पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही हातांनी ते परत दिलं.