बुधवारचा बाजार कोणी उठवला

अन्याय माझ्या मोठ्या मायवर झाला. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. पोळ्यानंतरच्या दुसऱ्या बुधवारी सकाळी ती नेहमीसारखी मिरची आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन आमच्या गावच्या बाजारात बसली. पंचायतीच्या शिपायानं तिला उठवलं.

"काकू, बाजार आता रविवारी. अख्ख्या गावानं ठरवलं."

"मंग मी कोन्या गावची आहो रे?" तिनं विचारलं. तो पुढच्या टोपलीकडं वळला. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आहे, म्हणून लिहिते आहे.

अख्खं गाव कुठं बसून ठरवतं हे मला माहीत होतं, कारण मीही तिथं होते. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मी बुलढाण्याला शिकते, शिष्यवृत्तीच्या सूचना टाकायला मला त्यात घेतलेलं. पोळ्याला पुण्याहून आलेल्या एकानं परत गेल्यावर लिहिलं, 'आपण गावी येतो रविवारी आणि बाजार असतो बुधवारी. रविवारी भरला तर गावात चैतन्य येईल.' खाली मतदान. हो की नाही.

मी 'नाही' दाबलं. आणखी तीनचार जणांनी दाबलं. लगेच सुरू झालं.

'ताई, गाव पुढं जाऊन राह्यलं, तुमी काऊन मागं ओढता?'

'हॉस्टेलवर भाजी आयती भेटते, बाजार कायले पाहिजे!'

त्यावर हसणारे चेहरे, रांगच्या रांग. कोणी काय दाबलं ते तिथं नावासकट दिसतं. संध्याकाळपर्यंत 'नाही'मध्ये मी एकटी उरले. बाकीचे गुपचूप 'हो'मध्ये सरकले होते. त्यातला एक आमचा किराणा दुकानदार. मी फोन केला तर म्हणाला, "सगळेच हो म्हणून राह्यले बाई. मी एकटा कायले वाईट होऊ?"

असे सगळेच एकेकटे वाईट व्हायला भ्यायले आणि त्यांच्या भीतीला गावाचं मत म्हणतात. सरपंचांनी तेवढ्यावर बैठकीत ठराव केला.

पहिल्या रविवारी मी मुद्दाम गावी गेले. रविवार हा शेजारच्या मोठ्या गावचा बाजार, आमच्या जन्माच्या आधीपासून. कापडवाले, कांद्याचा टेम्पो, बांगड्यावाल्या, सगळे तिकडं. ते वाराप्रमाणं गावं फिरतात. आमच्या ग्रुपवरच्या टाळ्यांसाठी त्यांनी आपली ठरलेली जागा का सोडावी? आणि विकत घेणार कोण? आमच्याकडं मजुरांची सुट्टी बाजाराच्या दिवशी, मजुरी हाती पडते तीही त्याच दिवशी, म्हणजे बुधवारी. ज्या शेतवाल्यानं ग्रुपवर 'ऐतिहासिक निर्णय' लिहिलं, त्याच्याच वावरात त्या रविवारी बाया तण निंदत होत्या. त्यानंच लावल्या होत्या कामाला!

मैदानात तीन हातगाड्या होत्या. ग्रुप चालवणारा पोरगा त्यांच्या अगदी जवळ गेला, खाली वाकला आणि फोटो काढला. माझ्या डोळ्यांदेखत ग्रुपवर आलं, 'पहिल्याच रविवारी तोबा गर्दी!' पुण्याहून, नाशिकहून अभिमान दाटून आला. मी रिकाम्या मैदानाचा फोटो टाकला. मला ग्रुपमधून काढलं.

बरं झालं. बाजार बुधवारीच भरावा म्हणून पत्रक लिहायला मोकळी झाले. ते घेऊन मी घरोघर गेले, बौद्धवाड्यात गेले, मळ्यांवर गेले. ग्रुपवर ज्यांचं नावही नाही अशा बायांशी बोलले.

"आमाले कोनं इचारलं? फोन तं पोराजवळ असते."

एकीला सांगितलं, तुमच्या मालकांनी हो दाबलंय. ती हातातलं सूप खाली ठेवून हसायलाच लागली. "त्यायनं? अव माय, त्यायनं जल्मात बाजारातून एक वांगं आनलं नाही! बाजाराचं त्यायले काय समजते?"

तिची सासू आतून ओरडली, "आनलं होतं एकडाव! किडकं!"

मोठी माय आता टोपली डोक्यावर घेऊन दारोदार फिरते. शेजारच्या बाजारात जागा धरायला गेली तर तिथल्या बायांनी सरकू दिलं नाही. त्यांचंही पोट आहे. मिरची कोणासाठी थांबत नाही, लाल पडते, सडते. हे असंच चाललं तर दिवाळीनंतर ती मिरची लावणार नाही म्हणते. मग निंदायला जाणार, या वयात.

आम्ही सरपंचांकडं गेलो. बाया मागं उभ्या होत्या, ओटा भरला होता. सरपंचांनी बायांकडं पाहिलं आणि ते मला म्हणाले, "ताई, लोकभावना वेगळी आहे. तुमचं म्हणणं ग्रुपवर टाका, पाहू."

नाही टाकणार. समोर उभी असलेली बाई यांना दिसत नाही आणि पुण्यातला अंगठा दिसतो, तर आंधळं कोण, ते त्यांनी ठरवावं. आम्ही आमचं ठरवलं. येत्या बुधवारी मोठी माय मैदानात बसणार, तिच्याशेजारी बाकीच्या बसणार. ठराव असो नसो. पुन्हा उठवलं तर पुन्हा बसणार.

आणि तुम्ही, हे वाचणारे, आमच्या गावचे असा की परगावचे: पाठिंब्याचा मेसेज पाठवू नका. बुधवारी पिशवी घेऊन या आणि मिरची विकत घ्या.