इंग्रजीतली दाढदुखी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, चहा आल्यावर ठसका लागेल. मी घातला तसला घोळ जुळे सोलापुरात दुसऱ्या कुठल्या डेंटिस्टनं घातला असेल, असं मला वाटत नाही.

नवऱ्याला ऑस्ट्रेलियात नोकरी लागली. मला वाटलं, आपल्याला काय अवघड? दात इथं तेच, तिथं तेच. पण तसं नसतं हो. इथं कितीही वर्षं दाढा उपटल्या असू देत, तिकडं आधी कागदपत्रांची तपासणी, मग लेखी परीक्षा, मग प्रॅक्टिकल, तेही रबरी गालांच्या पुतळ्याच्या तोंडात. आणि वर इंग्रजीची परीक्षा. तिच्यात समोर एक जण पेशंटचं सोंग घेऊन बसतो. आपण त्याच्या तोंडात बघायचं नाही, फक्त मायेनं इंग्रजीत बोलायचं.

माझं इंग्रजी वाचताना बरं असतं, बोलताना घशात अडकतं. शेजारी बिराजदार सर राहतात, निवृत्त इंग्रजीचे शिक्षक. ते म्हणाले, "उद्या दुपारी माझा एक मित्र पाठवतो. तुम्ही त्याला ओळखत नाही, तेच बरं. अवघड पेशंट होईल. घाबरेल, चिडेल, मराठीत बोला म्हणेल. तुम्ही इंग्रजी सोडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी क्लिनिकमधल्या मदतनीस बाईंना सुट्टी दिली. त्यांच्यासमोर इंग्रजी बोलायची लाज वाटते, दुसरं काय.

दुपारी एक गृहस्थ आले. पांढरा सदरा, टोपी, एक गाल टम्म फुगलेला. मी मनात म्हटलं, गालात कापूस भरून आलेत. सरांनी माणूस निवडलाय बरं का.

"मॅडम, दाढ लई ठणकाय लागलीया."

"हॅलो. हाऊ मे आय हेल्प यू टुडे?"

त्यांनी मागं वळून बघितलं, आणखी कोण आलंय का म्हणून. मग म्हणाले, "मराठीत बोला की मॅडम."

आलं लक्षात, म्हटलं. मी आणखी गोड आवाजात सुरू झाले. इन्फेक्शन म्हणजे काय, रिस्क काय, पुढं कसं कसं होऊ शकतं. मधूनमधून "आय अंडरस्टँड, धिस इज व्हेरी डिफिकल्ट फॉर यू" म्हणत होते आणि खांद्यावर हात ठेवत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला. काय अभिनय, काय अभिनय.

शेवटी त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "किती दिस हाईत?"

मला वाटलं, बरं व्हायला किती दिवस विचारतायत. म्हटलं, "टू टू थ्री वीक्स."

एवढं इंग्रजी त्यांना समजलं.

"पोरीचं लगीन तरी बघंन का ओ मी?"

आता मला सांगा, यावर कुणालाही संशय यायला नको होता का? मला नाही आला. मला वाटलं, सरांनी संवादसुद्धा लिहून दिलेत.

त्यांनी फोन काढला. "अगं, नव्या पेठंत हाय तशी कापडं ठेव आन् हिकडं ये. मॅडम इंग्लिशमधीच बोलायल्यात. काय तर मोठंच हाय. तीन आठवडे म्हणत्यात."

फोन ठेवला तर डोळ्यांत खरं पाणी. मी टाळ्या वाजवल्या. होय, वाजवल्या. "वा काका, फार सुरेख केलंत."

तेवढ्यात दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ गाल धरून म्हणाले, "गुड आफ्टरनून डॉक्टर, आय ॲम इन टेरिबल पेन."

माझे हात टाळीतच राहिले.

काका अक्कलकोटकडचे किराणा दुकानदार, नाव सिद्रामप्पा. लग्नाच्या खरेदीला आले होते, वाटेत दाढ उसळली. मी पाय धरायचीच बाकी होते. पण तोवर रिक्षातून त्यांची बायको आणि भाऊ आले. काकू कानडीतून रडत होत्या. मी हात जोडून म्हटलं, "काही झालं नाही. दाढ किडलीय, पू झालाय, एवढंच."

"लपवू नका मॅडम," भाऊ म्हणाला. "मघाशी इंग्रजीत येगळं सांगितलंसा."

काही केल्या त्यांना पटेना. मग काकूंनी इस्त्रीच्या शर्टाकडं बोट केलं. "ह्या सायबांस्नी इंग्रजी येतंय की. त्यांना सांगा, ते आमाला सांगतील."

झालं. मी सरांच्या मित्राला इंग्रजीत सगळं समजावलं, त्यांनी ते मराठीत या तिघांना सांगितलं, तेव्हा कुठं काकांनी तोंड उघडलं. पू काढला, औषध दिलं, सूज उतरल्यावर दाढही काढली. लग्नाला मला आग्रहानं बोलावलं. जेवायला वाढताना जो तो विचारत होता, "इंग्रजीवाल्या मॅडम ह्याच का?"

इंग्रजीची परीक्षा पुण्यात होती. समोर एक बाई बसल्या, गालाला हात लावून कण्हायला लागल्या. आणि मला घाम फुटला. समजा, हिला खरंच दुखत असेल तर? परत तेच पाप करू?

मी उठले, त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, "आ करा बघू."

त्या इतक्या दचकल्या की त्यांनी आ केला. वरच्या दाढेला खरंच कीड होती. ती किती खोल आहे, आता काय करायचं, दुर्लक्ष केलं तर काय होईल, सगळं मी शांतपणे, मायेनं, न अडखळता सांगितलं. इतकं सुंदर मी आयुष्यात कधी बोलले नसेन.

सगळं मराठीत.