चाचांशी धरलेला अबोला

बॉयकॉट हा शब्द आमच्या वारूळवाडीत माझ्या नवऱ्यानं आणला. हे शाळामास्तर. देवळापुढच्या सभेत त्यांनी हकिकत सांगितली. आयर्लंडात जमीनदाराचा एक कारभारी होता, त्याचं आणि कुळांचं वाकडं आलं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. गड्यांनी काम सोडलं, दुकानदार माल देईना, रस्त्यात कुणी बोलेना. पुढे त्याचं आडनावच त्या नकाराचं नाव झालं. विलायती मालाला आपण तसंच करायचं, एवढंच ह्यांचं म्हणणं.

पण मालाशी का कुणी अबोला धरतं? गावानं तो धरला बांगडीवाल्या चाचांशी. चाचा जुन्नरचे मुसलमान, बाजाराला पेटी घेऊन यायचे. त्यांच्या बांगड्या विलायती काचेच्या. आम्ही बायकांनी हातातल्या बांगड्या वाढवल्या, मनगटाला हळदीचा दोरा बांधला आणि चाचा दिसले की दारं लोटून घेऊ लागलो. पुढे त्यांनी देशी बांगड्या आणल्या, तरी कुणी विचारीना. भरली पेटी घेऊन म्हातारा परत जायचा. त्याच्या घरी काय शिजत असेल, हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी गप्प बसले. माहेरी पिंपळवंडीला माझ्या लग्नाचा हिरवा चुडा ह्याच माणसानं भरला होता, आणि रीतीप्रमाणे मी त्याच्या पाया पडले होते.

एका दुपारी मी अंगणात गहू निवडत होते. दोरा तुटला होता, दुसरा बांधायचा राहिला होता. चाचा रस्त्यानं चालले होते. माझे मोकळे हात दिसले आणि ते जागीच थांबले.

"पोरी, मास्तर बरं हायेत न्हवं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पदर कपाळावर ओढला, त्याखाली कुंकूही झाकलं गेलं. शेजारीण ओट्यावरून बघत होती. "बरे आहेत" एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मास्तरांची बायको मी, मीच कसा नेम मोडू? तोंड उघडलं नाही ते नाहीच.

चाचा धुळीतच बसले.

"या अल्ला. कवा झालं गं? मला कुनी सांगितलं बी न्हाई," ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "सांगनार तरी कोन, माझ्याशी बोलतंय कोन."

फेट्याच्या शेवात तोंड घालून ते माझ्या नवऱ्यासाठी रडायला लागले. हे आत जेवून झोपले होते. मी गहू निवडत राहिले.