नानाची आठवड्याची चूल

बिनलग्नाचे मास्तर एका खोलीत राहिले की किस्से जमवावे लागत नाहीत, खरकट्या भांड्यांसारखे आपोआप साचतात. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा येडशीच्या शाळेत आम्ही तिघं असेच राहायचो. खानावळीला कंटाळून आमच्यातल्या नानानं जाहीर केलं, "रविवारी एकदाच रांधायचं, शनिवारपर्यंत खायचं!"

*

पहिल्या रविवारी त्यानं पातेलंभर पिठलं केलं. मंगळवारी झाकण काढलं तर पिठल्याला बुडबुडे येत होते. नाना शांतपणे म्हणाला, "अजून शिजतंय."

*

तामलवाडीहून त्याच्या आईचा निरोप आला, "ओलं टिकत न्हाय रं. कडक भाकरी कर, शेंगाची चटणी कूट."

नानानं ज्वारीच्या पातळ भाकरी थापल्या, चुलीच्या कडेला उभ्या करून खडखडीत वाळवल्या. त्या इतक्या झकास जमल्या की आम्ही बुधवारीच संपवल्या. पुढच्या रविवारपासून भाकरी ट्रंकेत गेल्या आणि किल्ली नानाच्या करदोट्याला.

*

एकदा आम्ही जेवत असताना हेडमास्तर दाराशी आले.

"वर पत्र्यावर वानरं आलीत का हो?"

"न्हाय सर, आमची जेवणं चाललीत."

*

या सगळ्यात नानाचं लग्न मात्र अडलं. "हातानं थापून खाणारा जावई? लोक काय म्हणतील!" असं म्हणत एक स्थळ मोडलं, मग दुसरं. तुळजापूरची मुलगी नानाला मनापासून आवडली होती. तिचे वडील यायच्या आधी आम्ही त्याला पढवलं, विचारलं तर सांगायचं, स्वयंपाकाला बाई येतात.

पाहुणे आले ते नेमके शुक्रवारी. ट्रंक उघडावीच लागली. कडक भाकरी, चटणी, वर तेल, सोबत कांदा. पाहुण्यांनी एक भाकरी संपवली आणि आणखी एक मागितली.

"कोण करतं हो मास्तर?"

"बाई येतात," नाना ताटाकडं बघत म्हणाला.

"हाताला लई चव हाय." पाहुणे जरा पुढं सरकले, आवाज खाली आणला. "आता तुमच्यापासून काय लपवायचं? लेक आमची गुणाची हाय, पण तव्याला हात लावत न्हाय. ही बाई लग्नानंतर बी राहणार असंल, तर आत्ताच सुपारी फोडू."

आम्ही दोघं नानाकडं बघत राहिलो. नानानं सदऱ्यावरूनच किल्ली चाचपली.

"जन्मभर राहील," तो म्हणाला.