सव्वा महिना आणि चार आठवडे

आमच्या खालच्या मजल्यावर काकू राहतात. नात्याने कुणी नाहीत, पण फोरबर्गसारख्या डच गावात मराठीत भांडायला हक्काचं माणूस म्हणजे त्याच. नवरा सोडून गेला, पुढे गुडघ्यांनी कॅन्टीनची नोकरी सोडायला लावली. तेव्हापासून खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, भत्त्यावर त्यांचं घर चालतं.

एके दिवशी किल्ली घेऊन वर आल्या. "झाडांना पाणी घाल हं. नाशिकला चाललेय, लेकीच्या बाळंतपणाला. सव्वा महिना झाला की येते." लेकीला सासू नाही आणि जावई सदा फिरतीवर, हे मला ठाऊक होतं.

"खेमेंटेला कळवलंत?"

"बाई गं! पोरगी सुखरूप सुटायच्या आधी परक्यांना कशाला सांगायचं? दृष्ट लागते."

माझं डोकंच फिरलं. "काकू, दृष्ट लागायची तेव्हा लागेल, भत्ता मात्र नक्की बंद होईल! भत्ता घेणाऱ्याला वर्षात चार आठवडेच देशाबाहेर राहता येतं, आणि तेही आधी सांगून."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं. ओरडायला माझं काय जातंय? माझ्या बाळंतपणात माझी आई चांगली दोन महिने इथे होती.

मग मीच फोन लावला. पलीकडची बाई गोड बोलली, पण नियम तो नियम. परतीचं तिकीट अलीकडे आणावं लागलं. "बारसं तरी पदरात पडेल," काकू म्हणाल्या आणि गेल्या.

बाळाला नियम कोण सांगणार? तारीख उलटली तरी स्वारी येईना. काकू तिकडे डिंकाचे लाडू वळून बसलेल्या आणि इकडून मी रोज फोनवर, "अहो, सुटली का?" एक अख्खा आठवडा नुसता वाट बघण्यात गेला. शेवटी मुलगा झाला, बारसं झालं आणि सव्वा महिना बराच बाकी असताना काकू परत आल्या.

आल्याचं कळवायला मी त्यांच्यासोबत गेले. काउंटरवरच्या मुलीने हसून डचमध्ये विचारलं, "सुट्टी छान झाली?" सुट्टी म्हणे! मी तोंड उघडणार तोच काकूंनी माझा हात दाबला. "हो म्हण गं. तिला बिचारीला काय माहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजवली, तर आतून ओरडल्या, "तुझ्याच किल्लीने उघड, मला उठता येत नाही!" काकू जमिनीवर पाय लांब करून बसल्या होत्या, तसल्या गुडघ्यांनी. समोर फोन उभा केलेला. तिकडे लेक बाळाला पायांवर घेऊन पहिल्यांदाच एकटी न्हाऊ घालत होती, अगदी रडकुंडीला आली होती.

"मानेखाली हात धर, मानेखाली! अजून मान धरली नाही त्याने," काकू सांगत होत्या. आणि त्यांचा स्वतःचा हात, रिकाम्या पायांवर, मान सावरावी तसा धरलेला होता.