दाजींना दिलेली विश्रांती

लवूच्या मुलाच्या बारशाला, त्याच मुलाचं वाटोळं व्हावं अशी मागणी आमच्या चाळीने एकमुखाने देवाकडे केली. सुरुवात मी केली होती.

गाऱ्हाणं घालत होते दाजी. दाजी म्हणजे लवूचे वडील. रत्नागिरी जिल्ह्यातले, कणकवलीकडचे. मुंबईच्या गोदीतून मुकादम म्हणून निवृत्त झालेले, आणि भाईंदरच्या आमच्या चाळीत देवाशी थेट बोलायचा अधिकार असलेले एकमेव गृहस्थ. बारसं असो, होळी असो, कुणाकडे नवीन शिलाई मशीन आलेलं असो, दाजी नारळ घेऊन उभे राहत. गावच्या सगळ्या देवांना मानाप्रमाणे एकेक करून हाक घालत आणि मग मागणी सुरू. दाजी थांबले की बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं, एवढंच काम. मी घाटावरचा, चाळीत नवा, त्यातून शाळामास्तर. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायची खोड.

"जो कोण म्हणात, ह्या पोराचा वाटोळा होवं दे..." दाजी म्हणाले आणि थांबले.

"व्हय म्हाराजा!" मी दणकून म्हणालो. सवयीने अख्खी चाळ माझ्यामागून ओरडली. पाळण्याची दोरी धरून बसलेली सुगंधा, म्हणजे पोराची खुद्द आई, तीसुद्धा. मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं आणि तिने तोंडावर पदर घेतला.

"मास्तर!" दाजी कडाडले. "वाक्य पुरा होवंक देशात काय नाय? शाळेत पोरांका असाच शिकवतास?"

तसं म्हणणाऱ्याचीच बुद्धी फिरव, असं ते वाक्य पुरं व्हायचं होतं. ते नंतर मला चाळीतल्याच कोकणातल्या राघोने सांगितलं. दाजींनी मात्र ते पुरं केलंच नाही. घाईघाईने नारळ फोडला आणि पुढे कितीतरी दिवस माझी ओळख "ह्येनी माझा गाऱ्हाना मोडल्यानी" अशी करून दिली. मी मान खाली घालून ऐकत असे. गुन्हा उघड होता.

ही बहात्तर सालची गोष्ट. त्याच्या आधीच लवू कामाला होता त्या कारखान्याला टाळं लागलं होतं. ते निघत नव्हतं. लवू तरणा होता. तो इकडेतिकडे हमाली करून रात्री घोरत असे. काळजी करायचं काम दाजींनी अंगावर घेतलं होतं, आणि मुकादमाने घेतलेलं काम म्हणजे त्यात हयगय नाही. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी दाजी नळावर उभे. तिथून गल्लीच्या तोंडाशी. तिथून परत, स्टोव्ह विझवलाय का ते बघायला. स्टोव्ह पेटवलेलाच नसे. बसले तरी एक गुडघा हलत राही, आणि त्या गुडघ्याने आमची सामाईक भिंत हलत राही. शेजारी मी वह्या तपासत असे. माझे लाल शेरे त्या वर्षी सगळे वाकडे आले आहेत.

मग विसरणं सुरू झालं. भाजी आणून दुसऱ्याच्याच घरात ठेवायची. चष्मा कपाळावर आणि शोध चाळभर. सुगंधाला "सुगंधा" म्हणायच्या आधी घरातल्या चारपाच बायकांची नावं, त्यातली एक वारलेली.

त्र्याहत्तरच्या होळीला दाजींनी गाऱ्हाणं सुरू केलं, दोन देव उलटसुलट झाले, आणि मध्येच ते गप्प. मग गर्रकन माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, परत बोल्लात?"

मी काहीच बोललो नव्हतो. बोलणं शक्यच नव्हतं. माझ्या तोंडात पुरणपोळी होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बारशाच्या दिवशी दाजी श्वास घ्यायला थांबले नव्हते. त्यांना पुढचं आठवत नव्हतं.

मी त्यांना स्टेशनसमोरच्या डॉक्टर कापडियांकडे नेलं. कापडिया तीन भाषा एकाच वाक्यात बोलत.

"दाजी, फिकर बहोत करतो का?"

"मी? छ्या!" दाजी म्हणाले. टेबल हलत होतं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "जुओ, बघा मास्तर, मूत्रपिंडाच्या डोक्यावर इवलीशी ग्रंथी असते. कुत्रा मागे लागला की ती रक्तात एक रस सोडते, आदमी जोरात पळतो. अच्छी चीज आहे. पण कुत्रा वर्षभर मागेच असला तर? तो रस उतरतच नाही. म्हाताऱ्याच्या डोक्याला तो बाधत असेल, असं मला वाटतं. मोठे डॉक्टर लोक अजून भांडतात यावर. तुम्ही त्याची फिकर कमी करा."

लवूच्या कारखान्याचं टाळं काढणं माझ्या हातात नव्हतं. पण गाऱ्हाणं होतं. एवढे देव पाठ ठेवायचे, वर चुकायची धास्ती, म्हाताऱ्याच्या जिवाला केवढा ताप! मी चार जणांना पटवलं आणि दाजींच्या घरी जाऊन म्हणालो, "दाजी, आता राघो घालेल गाऱ्हाणं. तुम्ही विश्रांती घ्या."

आधी मी एक सूचना करून पाहिली होती, कागदावर लिहून देतो, वाचा. त्यावर दाजी म्हणाले होते, "देवाक कागद वाचून दाखवूचो? तो काय कलेक्टर आसा?" या वेळी गुडघा तेवढा हलायचा थांबला. मला वाटलं, औषध लागू पडलं.

पुढच्या बारशाला राघोने गाऱ्हाणं घातलं. कंडक्टर स्टॉप ओरडतो तसे देव एका दमात सांगून टाकले. दाजी भिंतीला टेकून बसले होते. "व्हय म्हाराजा"सुद्धा म्हणाले नाहीत.

त्यानंतर ते घरात ठरेनात. गुडघ्यातली वळवळ पायांत उतरली. उठायचे, चालायचे, कुठे ते ठाऊक नाही. लवूला जवळच, हाटकेश वस्तीच्या बाजूला, एका छोट्या कारखान्यात काम लागलं, ते दाजींना सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि संध्याकाळी पुन्हा विचारलं, "टाळा काढल्यानी?"

एका दुपारी मिठागरावरचा धर्मा त्यांना हाताला धरून चाळीत घेऊन आला. "यो म्हातारा तुमचाच हाय ना? सकालपासून बांधाव येरझाऱ्या घालतंय. घर कुठं इचारला, त बोलते ठावक न्हाय."

सुगंधाने त्यांचे चिखलाचे पाय धुतले, आणि तोच तांब्या हातात घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"मास्तर, तुमी शिकलेले. माका एक सांगा. ह्या चाळीत मामांका कोण इचारी? देवाचा काम होता म्हणान चार माणसा इचारीत. ता पण तुमी काढून घेतलात. आता ते आठवतले काय आणि कशाक?"

डॉक्टरांच्या त्या रसाबद्दल मी काहीतरी बोलणार होतो. तिच्या हातातल्या तांब्याकडे बघितलं, चपला घातल्या आणि राघोकडे गेलो.

चौऱ्याहत्तरच्या होळीला राघोने नारळ दाजींच्या हातात दिला. दाजींनी तो फिरवून फिरवून पाहिला. मग उभे राहिले. पहिल्या देवाला हाक गेली, दुसऱ्याला गेली, आवाज चढला. चाळ ओरडू लागली. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून होतो.

आणि दाजी थांबले.

होळीतली लाकडं तडतडत होती. लवू पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. राघोने पुढचं नाव सुचवायला तोंड उघडलं, तसा दाजींनी हात वर केला.

"म्हाराजा," ते म्हणाले, "फुडचा माका आठवना नाय. इचार करून करून डोक्याची चाळण झाली. गळान गेला ता तुका ठावक आसा. ता पण मी बोललंय, असा समज."

मग सुगंधा एकटीच म्हणाली, "व्हय म्हाराजा!" आणि मागोमाग चाळीने असा गजर केला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

दाजी पुढेही अडकले. अडकले की तसंच सांगत आणि पुढे जात. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. मला त्यांनी दोनदा दिलं, पहिलं दिल्याचं विसरून. नंतर पायरीवर बसले. गुडघा पुन्हा हलायला लागला होता.

मी शेजारी टेकलो. "दाजी, आठवत नाही म्हणून देवाला तोंडावर सांगितलंत! भीती नाही वाटली?"

"देवाक कित्याक भियाव? तो काय तुमच्यासारखी विश्रांती देना नाय!"